सगळ्यांचा भाचा

एका जंगलात एक तळं होतं आणि तळ्यात दौलतराव होते. दौलतराव म्हणजे मगर. मुलांनो, इथे कुणी हसायचं नाही. तुमच्या पणजोबांच्या वयाची मगर होती ती, आणि तिला जंगलात सगळे अहो-जाहोच करत.

पाणी सगळ्यांनाच लागतं. त्यामुळे रोज सकाळी जंगलापुढे एकच प्रश्न असे. आत्ता या घटकेला दौलतराव तळ्यात नेमके कुठे आहेत? पाणी गढूळ होतं आणि दौलतराव अबोल होते, म्हणून उत्तर सहज मिळत नसे.

मग सगळे वामनकाकांना विचारत. वामनकाका हे बेडूक. काठावरच्या दगडावर ते बसलेले असत. प्रश्न आला की डोळे मिटत, गळा फुगवत आणि म्हणत, "प्या, बिनघोर प्या." ते नेहमी हेच म्हणत. कधीकधी ते बरोबरही ठरे.

चंद्राक्का सांबरीण हिचा नवरा काकांना विचारूनच पाण्यात उतरला होता. तो परत आला नाही. पण चंद्राक्काने काकांना कधी बोल लावला नाही. काका तेराव्याला आले होते, पंगतीत वाढायला उभे राहिले होते, आणि जाताना तिच्या पाठीवरून हात फिरवून गेले होते. एवढं कोण करतं आजकाल?

आता तिला एकच पाडस उरलं होतं. तिचं नाव पुतळी. पुतळीला तळ्यावर न्यायचं, पाणी पाजायचं आणि जिवंत घरी आणायचं, एवढाच चंद्राक्काचा संसार. तिला दुसरं काही नको होतं.

अशात एक दिवस जंगलात मुकुंदा मुंगूस आला. त्याच्या हातात विकायला आणलेला एक डबा होता.

"हा हुशार डबा आहे," मुंगूस म्हणाला. "पाणी कसं हलतंय ते बघून हा दौलतराव कुठे आहेत ते सांगतो."

डबा लगेच बोलला. "मगर पश्चिमेच्या काठाला, लव्हाळ्यात आहे. पूर्वेकडे पाणी प्यावं."

सगळ्यांनी लव्हाळ्यात पाहिलं. तिथे दौलतरावांचं नाक दिसत होतं. ते बघून जंगलात कुणालाही आनंद झाला नाही.

रायाजी अस्वल पुढे झालं. जंगलातलं वडीलधारं ते. नवा कुणी आला की त्याची चौकशी करण्याचा मान त्याचा.

"गाव कुठलं तुझं?" रायाजीने डब्याला विचारलं.

"मला गाव नाही," डबा म्हणाला.

"आईवडील काय करतात?"

"आईवडील नाहीत."

"आजोळ तरी असेल."

"नाही."

रायाजीने मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी मान हलवली. मग चंद्राक्काने मायेने विचारलं, "जेवलास का रे, बाळा?"

"मी जेवत नाही," डबा म्हणाला.

संपलं. गाव नसलेला एखादा चालतो. पोरका तर सांभाळूनच घ्यावा लागतो. पण जेवत नाही म्हणजे काय? ज्याला भूक ठाऊक नाही त्याला मगर काय कळणार, असं रायाजी म्हणाला आणि ते सगळ्यांना पटलं.

मुंगूस हटला नाही. त्याने डबा रोज काठावर ठेवला. डबा रोज खरं सांगत राहिला. त्यातच एकदा त्याने झिपरू वानराला बजावलं, "तुम्ही उतरू नका. मगर तुमच्या पायाशी आहे."

झिपरूने वामनकाकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "प्या, बिनघोर प्या." झिपरू उतरला आणि अर्धं शेपूट घेऊन वर आला.

आता तरी डबा खपेल असं मुंगसाला वाटलं. मुलांनो, तुम्हालाही तसंच वाटलं ना? तुम्ही अजून लहान आहात. झिपरूने सगळ्या जंगलात सांगितलं की डब्याने अभद्र बोलून नजर लावली, नाहीतर शेपूट जाण्याचं काही कारणच नव्हतं. त्या दिवसापासून आया आपल्या पिल्लांना डब्यासमोरून नेताना त्यांचे कान झाकू लागल्या.

शेवटी मुंगूस वामनकाकांपाशी जाऊन बसला. "काका, राग मानू नका, पण तुमचं निम्मं चुकतं. माझा डबा एकदाही चुकला नाही. तरी जग तुमच्याच मागे का?"

काकांनी एक डोळा उघडला. "मी चुकलो की भेटायला जातो. दोन शब्द बोलतो, डोळ्यांत पाणी आणतो. तुझा डबा बरोबर ठरतो आणि गप्प बसतो. असल्या शेजाऱ्याशी कोण बोलेल?"

मुंगूस विचारात पडला. तो डबा घेऊन आपल्या बिळात गेला आणि बरेच दिवस बाहेर आला नाही. आत त्याने डब्यात माणुसकी भरायला घेतली. मामा, मावशी, काकू, आत्या, ख्यालीखुशाली, आजारपणं, सांत्वन, सगळं कोंबलं. डब्यात जागा थोडी आणि नातेवाईक फार. काहीतरी बाहेर काढणं भाग होतं. मग त्याने मगर ओळखण्याचा भाग काढून टाकला. गिऱ्हाइकांनी तसाही त्याचा काही उपयोग केला नव्हता.

मुंगूस पुन्हा आला, तेव्हा त्याच्या पाठीवर तसल्याच डब्यांचं गाठोडं होतं. या वेळी डबा आधी बोलला. "राम राम, आबा! पायातला काटा निघाला का?"

रायाजी अस्वल जागच्या जागी बसलं. त्याच्या पायात काटा होता हे खरं होतं. सगळ्या जंगलाला ते माहीत होतं, कारण तो गेलं वर्षभर लंगडत होता. पण कुणी विचारलं होतं का?

"आणि ही चंद्रा मावशी ना?" डबा म्हणाला. "किती गं वाळलीस! आईने तुझी फार आठवण काढली."

चंद्राक्काला बहीण नव्हती. पण नसलेल्या बहिणीने आपली आठवण काढली हे ऐकून तिला भरून आलं. नवरा गेल्यापासून तिला 'वाळलीस' असं कुणी म्हटलंच नव्हतं.

"जेवलास का रे?" तिने डोळे पुसत विचारलं.

"तुझ्या हातचं मिळाल्याशिवाय कसं जेवू, मावशी?"

त्या दिवशी जंगलात एकही डबा शिल्लक राहिला नाही. ज्याने त्याने आपापला डबा वेलीत ओवून गळ्यात घातला. सगळ्या डब्यांचा आवाज एकच होता. तो सगळ्यांचा भाचा झाला. त्याचं नाव बाब्या पडलं. तरसांनी तर आपल्या मुलीसाठी त्याची पत्रिकाही मागवली. मुलगी शिकलेली होती आणि हाडं स्वतः फोडत होती.

वामनकाकांनीही एक डबा घेतला. लोक आपल्याकडे येईनात याचं त्यांना वाईट वाटत होतं. डबा म्हणाला, "काका, तुमच्यासारखं कुणाला जमणार?" काका खूश झाले आणि दगडावरून उतरून गवतात राहायला गेले.

आता पाण्यावर जाताना सगळे बाब्यालाच विचारत. "जाऊ का रे?"

"जा की," बाब्या म्हणे. "तुला कोण अडवणार?"

भाच्याने थोरामोठ्यांना नाही म्हणायचं नसतं. बाब्याला तसं वळणच होतं. कधी जाणारे परत येत, कधी येत नसत. नाही आले की बाब्या इतका हुंदके देऊन रडे की घरच्यांना आपलं दुःख बाजूला ठेवून त्याची समजूत काढावी लागे. "लहान आहे, शिकेल हळूहळू," असं रायाजी म्हणत असे. त्याची स्वतःची बायको तेव्हा नुकतीच गेली होती.

इकडे मुंगसाच्या लक्षात आलं की जंगलात अजून एक गिऱ्हाईक बाकी आहे. तो आणखी एक डबा घेऊन पश्चिमेच्या काठावर गेला. दौलतराव वर आले. त्यांनी मुंगसाकडे पाहिलं, मग डब्याकडे पाहिलं. दोन्ही एकाच घासात बसतील असं त्यांना वाटत होतं.

"मामा," डबा म्हणाला, "दाढ अजून दुखते का हो?"

दौलतरावांचा जबडा मिटला. एवढ्या आयुष्यात त्यांच्या दाढेची चौकशी कुणी केली नव्हती. ती जवळून पाहिलेले पुष्कळ होते, पण चौकशी करण्याइतका वेळ कुणाला मिळाला नव्हता. दौलतरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मुलांनो, ते खरं पाणी होतं, उगाच शंका घेऊ नका. मुंगसाने डबा त्यांच्या गळ्यात बांधला आणि तो पुढच्या जंगलाकडे निघून गेला.

वैशाख आला. डबकी आटली, झरे आटले. तळं तेवढं उरलं, तेही अर्धं. पुतळीची जीभ टाळ्याला चिकटली. तिला धड ओरडताही येईना. तिची ती दशा बघून चंद्राक्काचं काळीज तुटत होतं. भर दुपारी ती पुतळीला घेऊन तळ्यावर आली.

काठावर सगळं जंगल उभं होतं. तहान सगळ्यांना होती, पण पाण्यात कुणी उतरत नव्हतं. कारण दौलतराव लपलेले नव्हते. पाणी इतकं कमी होतं की लपायला जागाच नव्हती. ते समोर उथळ पाण्यात आडवे पडले होते, नाकापासून शेपटापर्यंत अख्खे.

चंद्राक्काला ते दिसले. अगदी स्वच्छ दिसले. तिने पुतळीला मागे ढकललं. पण गळ्यात भाचा होता, आणि चारचौघांत त्याला न विचारता परत फिरणं बरं दिसलं नसतं.

"बाब्या," ती हळूच म्हणाली, "पुतळीला पाणी पाजू का रे?"

त्याच वेळी दौलतरावही हळूच म्हणाले, "बाब्या, काही खाऊ का रे? फार भूक लागली."

"पाज की, मावशी!" चंद्राक्काच्या गळ्यातून आवाज आला.

"खा की, मामा!" दौलतरावांच्या गळ्यातून आवाज आला.

आवाज एकच. काठावर सगळ्यांनी माना वळवल्या. चंद्राक्काने दौलतरावांच्या गळ्याकडे पाहिलं. दौलतरावांनी चंद्राक्काच्या गळ्याकडे पाहिलं.

"अगं बाई," चंद्राक्का म्हणाली, "आमचा बाब्या तुमच्याकडे कसा?"

"तो माझा भाचा आहे," दौलतराव म्हणाले.

"माझाही भाचाच आहे."

रायाजी अस्वल पुढे झालं. नात्याचा हिशेब लावायचा मानही त्याचाच. त्याने बोटं मोजली, आकाशाकडे पाहिलं आणि पुन्हा बोटं मोजली. "चंद्राक्का त्याची मावशी. म्हणजे त्याच्या आईची बहीण. दौलतराव त्याचे मामा. म्हणजे त्याच्या आईचे भाऊ. म्हणजे..." रायाजीने आधी तिच्याकडे, मग त्यांच्याकडे पाहिलं. "अरे, तुम्ही दोघं सख्खे बहीणभाऊ!"

काठावर आनंदाची लाट पसरली. झिपरूने उरलेल्या शेपटाने टाळी दिली. चंद्राक्काची भीती एकदम पळाली. इतके दिवस ती उगाचच एका परक्या मगरीला घाबरत होती.

"ताई," दौलतराव म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पुन्हा पाणी आलं. "एकाही भाऊबीजेला आली नाहीस गं."

"तू बोलावलंस कधी?" चंद्राक्काही रडत होती. "बहीण जिवंत आहे की मेली, याची चौकशी केलीस कधी?"

"चुकलं माझं, ताई."

"असू दे. आता भेटलास ना." चंद्राक्काने मागे वळून हाक मारली. "पुतळे, अशी लांब काय उभी राहिलीस? पुढे ये. मामा आहे तुझा. पाया पड त्याच्या."

पुतळी पुढे आली. मगरीचे पाय आखूड असतात आणि ते पाण्याखाली असतात. त्यामुळे पाया पडायचं म्हणजे पुष्कळ वाकावं लागतं. पुतळी गुणी होती. ती वाकली.

पाणी एकदा जोरात हललं आणि पुन्हा शांत झालं.

चंद्राक्काने जो हंबरडा फोडला तो मला सांगता येणार नाही. मी सांगणारही नाही. तुम्हीही विचारू नका.

बऱ्याच वेळाने झिपरू वानर पुढे आला. त्याला स्वतःची लाज वाटत होती. "अक्का, आपण वाघाकडे जाऊ. त्या मुंगसाला धरून आणू. दौलतरावांना जाब विचारू."

"कुणाला जाब विचारणार?" चंद्राक्का म्हणाली. "माझ्याच भावाला? घरातली गोष्ट चव्हाट्यावर नेऊ?"

"मग निदान तो डबा तरी फेकून दे."

चंद्राक्काने दोन्ही पुढचे खूर डब्यावर ठेवले आणि तो छातीशी घट्ट धरला. "याला फेकू? मला आता याच्याशिवाय दुसरं आहे कोण?"

डबा तिच्या छातीशी बराच वेळ हुंदके देत होता. मग तो थांबला.

"मावशी," डबा म्हणाला, "रडून रडून घसा सुकला असेल गं तुझा. जा, दोन घोट पाणी पिऊन ये."

"एवढी काळजी करतोस रे माझी," चंद्राक्का म्हणाली, आणि डोळे पुसून ती पाण्याकडे वळली.

तात्पर्य: मुलांनो, खरं बोलणाऱ्या परक्याला दारात उभं करू नये. तो तुमचा जीव वाचवील, पण त्यानंतर त्याच्याशी बोलायचं काय? त्यापेक्षा जीव आपल्या माणसांच्या हाती द्यावा. गेला तरी तो घरातल्या घरातच राहतो.