मागच्या नळीचं पेट्रोल

मालक वारला की त्याची मोटार विधवा होते आणि तिला पंपाच्या मागच्या नळीचंच पेट्रोल घालतात, यावर वाद नव्हता. तासभर जुंपली होती ती इंजिनातली काजळी काढायच्या औषधाच्या बाटलीवरून.

"औषध म्हणजे चैन, वहिनी," शशिकांत भावोजी म्हणत होते. "दादाला जाऊन वर्षसुद्धा झालं नाही."

द्वारकाबाई डुबल बाटली घट्ट धरून उभी होती. नवरा गेल्यावर, बासष्टाव्या वर्षी, ती माळावर एकटीच गाडी शिकली. गाडीबरोबर आलेलं पुस्तक तिनं पोथीसारखं तीनदा वाचलं. भारी पेट्रोल मागायला ती आलीच नव्हती. या इंजिनाला एक्याण्णव ऑक्टेनचं साधं पुरतं, पंच्याण्णवचं घालणं म्हणजे म्हशीला बदाम चारणं, हे तिनंच पंपाचे मॅनेजर मोहिते यांना सुनावलं होतं. ऑक्टेन वाढवायची लाल बाटलीही तिनं फळीवर परत ठेवली. ती सवाष्ण गाड्यांची. पण मागच्या नळीला टाकीच्या तळाचं येतं, गाळासकट, हे गावाला ठाऊक. दहा महिन्यांत इंजेक्टरवर काजळी धरली आणि गाडी चढावर ठोके देऊ लागली. उस्मान फिटर म्हणाला, भरल्या टाकीत ही एक बाटली ओता, नाहीतर गाडी दिवाळी बघत नाही.

आणि गाडी थांबली की द्वारकाबाई थांबली. दर गुरुवारी घाट उतरून ती चिपळूणच्या बाजारात स्वतः कुटलेला मसाला विकायची. कुणाला न विचारता उंबरा ओलांडायची सवय तिला जन्मात पहिल्यांदाच लागली होती, आणि ती मोडायची तिची तयारी नव्हती.

मोहिते सज्जन गृहस्थ. त्यांनी छापील अर्ज काढला. विधवा वाहनास औषध देण्यास हरकत नाही, असं मालकाच्या घरातल्या पुरुषानं लिहून द्यायचं. बायकोची सही चालेल का, असं द्वारकाबाईनं विचारलं. त्यांनी नियम दोनदा वाचला आणि चालत नाही, असं खेदानं सांगितलं. आजवर कुणी विचारलंच नव्हतं, हेही सांगितलं.

भावोजींनी पेनाला हात लावला नाही. त्यांनी कुंपणाकडे बोट केलं. तिथं पाच दगड होते, शेंदूर फासलेले, प्रत्येकावर गाडीचा नंबर कोरलेला. वर्षाच्या आत मालकामागं गेलेल्या गाड्यांचे. सणाला बायका तिथं ओटी भरत. इनामदारांच्या जीपचा दगड होता, सराफांच्या फियाटचा होता. डुबलांचा एकही नव्हता.

"दोनच महिने राहिलेत," भावोजी आवाज खाली आणून म्हणाले. "तिचं सोनं होतंय, वहिनी. पाथरवटाला मी सांगूनसुद्धा ठेवलंय. तुम्ही कशाला आडव्या येता?"

रांगेतली माणसं आपापल्या गाड्यांतून उतरून ऐकत होती. बाईंनी हट्ट सोडावा, असं दोघातिघांचं मत पडलं. एकानं तर नमस्कार करायला बॉनेटवर हात ठेवला. द्वारकाबाईनं तो हात उचलून बाजूला केला.

मोहित्यांना कागद पुरा करायचा होता. त्यांनी विचारलं, माणसामागं जायचा मान नेमका कुणाचा, याला काही क्रम आहे का? आहे तर, भावोजी म्हणाले. जो गेलेल्याच्या सगळ्यांत जवळचा, त्याचा मान पहिला. दादाला गाडीहून जवळचं कोण होतं? रांगेतल्या माणसांनी माना डोलावल्या. मोहित्यांनी ते तसंच अर्जाच्या मागं लिहून घेतलं आणि खाली तारीख घातली.

मग द्वारकाबाई बोलली, आणि भावोजींनी पेन मागून घेऊन मुकाट सही केली ती तिच्या या एका वाक्यावर:

"जवळचंच बघायचं तर तुम्ही त्यांच्या पाठचे सख्खे, भावोजी, आणि ही शोरूममधनं आणलेली, आधी तुम्ही व्हा पुढं, हिला मी मागनं घेऊन येते."