चाळीस वार दोरी

धुमाळमामा कुणाला नमस्कार करत नसत. ते समोरच्याचं मनगट धरत. चांगलं घट्ट धरून दोनदा वर-खाली हलवत, डोळे मिटून काहीतरी तोलत आणि मग निकाल देत. "नऊ फूट. हलकी." किंवा, "साडेदहा. पण टोकाला नरम पाहिजे." एवढं झालं की मनगट सोडायचं आणि मग घरच्या मंडळींची चौकशी.

मी धारच्या शाळेत इंग्रजी शिकवायला नवा लागलो होतो, तेव्हा पोस्टाच्या ओट्यावर त्यांनी माझं मनगट पकडलं. दोन दिवस अंगात कसर होती. मला वाटलं, हे कुणी वैद्यबुवा असावेत. मी मुकाट्याने जीभही काढून दाखवली. तिच्याकडे त्यांनी ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही. "अकरा फूट," ते म्हणाले, "दोन्ही हातांची." मी विचारलं, "आणि पथ्य?" तर म्हणाले, "घाई करायची नाही." मी पुढचे दोन दिवस अगदी सावकाश जेवलो.

मामा सांगत होते ते मासे धरायच्या काठीचं माप, हे मला नंतर कळलं. संस्थानच्या शिकारखान्यात त्यांची उभी हयात गेली होती. साहेब पाहुणे नर्मदेवर मासेमारीला निघाले की त्यांच्या काठ्या पुसायच्या, रिळांना तेल द्यायचं, दोऱ्या वाळवायच्या आणि साहेबाच्या पाठीमागे उभं राहून तो काय काय चुकतो ते बघायचं, हे मामांचं काम. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका बघून माणूस एक तर संन्यासी होतो, नाहीतर पंडित. मामा पंडित झाले. पेन्शनीत निघाल्यावर ही सगळी विद्या गावावर सांडू लागली.

त्यातून गोंधळ व्हायचे ते व्हायचेच. अमझेऱ्याचा एक शेतकरी आजारी आईला गाडीत घालून धारला आणत होता. वाटेत मामा भेटले. त्यांनी सवयीने म्हातारीचं मनगट धरलं आणि म्हणाले, "सात फूट. इससे लंबी इनसे नहीं झेली जाएगी." मुलाने तिरडीच्या बांबूचं माप समजून भर रस्त्यात गळा काढला. म्हातारी मात्र उठून बसली आणि त्यालाच रागे भरली. ती खडखडीत बरी झाली. पुढे दर भादव्यात तिच्याकडून मामांना मक्याची कणसं येत.

मामांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "काठी मनगटाला विचारायची, रीळ कानाला, दोरी दाताला." नुसतं बोलून ते थांबत नसत. पितळी रीळ कानाशी लावून ते सावकाश फिरवत आणि तिची करकर ऐकत बसत. चेहरा असा, की वाटावं आत कुणी गवई बसलाय. एखादा दाता झिजला असेल तर तो कितवा हे न उघडता सांगत. दोरी दाढेखाली धरून ओढत. एकदा त्यात दोरी तुटायच्या ऐवजी दाढच निघाली. मामा खूश. "बघितलीत मास्तर दोरी? मान गये!"

दोरी रेशमी. ती तेलात भिजवून वाळवायची म्हणून ते आपल्या खिडकीपासून समोरच्या लिंबापर्यंत ताणून बांधत. गल्लीतली सगळी माणसं वाकून जात. एकदा समोरच्या बाईंनी तीवर ओलं लुगडं वाळत घातलं. आता मामा काय करतात म्हणून आम्ही पाहत राहिलो. बाई घाबरून म्हणाल्या, "मामासाब, हूँ तो समजी के कपड़ा सुकावा की डोरी हे." मामा दोरीला डोळा लावून उभे होते. "रहने दो, बाई," ते म्हणाले. "और एक है क्या? भीगा हुआ?" बाईंनी घरातली तीन लुगडी आणून दिली. दोरी तुटली नाही. लिंबाची फांदी तुटली.

हे सगळं कशासाठी, असा प्रश्न मला पडे, कारण मामा स्वतः मासे धरायला कधीच जात नसत. त्यांच्या घरी फळीवर एक लांब पेटी होती. तीत त्यांची स्वतःची काठी, रीळ, दोरी, आमिषाचे चकाकते चमचे, सगळं जय्यत तयार. नऊ वर्षं तयार. एके रविवारी मी विचारलंच.

"बाडस एकट्यानं धरायचा नसतो, मास्तर," मामा म्हणाले. बाडस म्हणजे नर्मदेतला महसीर, भला दांडगा मासा. "एकानं काठी सांभाळायची, दुसऱ्यानं पाण्यात उतरून जाळी घालायची. आणि समजा, एकट्यानं धरला. घरी येऊन सांगणार कुणाला? तुमची मामी होती तोवर मी साहेबाचा मासासुद्धा तिला सांगायचो. ती भाकऱ्या थापता थापता विचारायची, मग काय झालं? मग काय झालं? आता सांगायला कोणी नाही. मग तो मासा धरला काय नि सुटला काय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मामा नऊ वर्षं लोकांची मनगटं धरत होते ते जोडीदार शोधत होते. अकरा फुटांची काठी पेलेल असं मनगट नर्मदेला लागतं, आणि अशी मनगटं साऱ्या धार गावात त्यांना तीनच सापडली होती. एक पैलवान इंदूरला निघून गेला. दुसरा तुरुंगावरचा जमादार. तो दरवर्षी ‘येतो’ म्हणायचा आणि दरवर्षी त्याची म्हैस ऐन वेळी व्यायला होई. तिसरा मी, जन्मात मासा न खाल्लेला ब्राह्मण.

"खायचा कुणी सांगितलाय?" मामा म्हणाले. "धरायचा नि सोडून द्यायचा. दसरा झाला की पाणी निवळतं. कुक्षी गावाच्या खाली, नदीवर दोन दिवस काढू. येता?"

मी म्हटलं, "येईन की."

आपण दिवसातून दहा वेळा असं म्हणतो. मामांनी ते ऐकून डोळे पुसले आणि धूर फार झालाय म्हणाले. चूल पेटलेली नव्हती.

मग माझी काठी निवडायला सुरुवात झाली. मुंबईच्या एका दुकानाची इंग्रजी यादी मामांनी मागवली होती. दर रविवारी सकाळी मी ती वाचायची आणि मामांनी खोड काढायची. मुलीला स्थळं बघणारा बापही इतका चिकित्सक नसेल. "ही फार उजळ दिसते, पाण्यात टिकणार नाही." "हिचे सांधे तीन. तीन सांधे म्हणजे तीन भांडणं." माझ्या डाव्या बाहीवर खडूची पूड पाहून मी डावखुरा असल्याचं त्यांनी ओळखलं आणि आधी ठरलेलं सगळं रद्द झालं. उलट्या हाताची रीळ हवी म्हणून मी मुंबईला पत्र लिहिलं. उत्तर आलं, की साहेबांचा उजवा हात कोणत्या लढाईत गेला ते कृपया कळवावे. मामांनी ते पत्र माझ्याकडून गल्लीभर वाचून घेतलं.

मला त्या रविवारांची इतकी सवय झाली की शनिवारीच जीव तिकडे लागे. मामांकडे गुळाचा चहा, फळीवर कान टवकारून बसलेलं मांजर, आणि कितीही ठरवलं तरी न संपणारं काम. बाराच्या सुमाराला मी उठलो की मामा हमखास म्हणत, "अरे हो, एक गोष्ट राहिली," आणि एक वाजे.

श्रावणात मला देवासचं बोलावणं आलं. देवास म्हणजे एका गावात दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती. त्यातल्या एका दरबारात मुलांना इंग्रजी शिकवायला मास्तर हवा होता. पगार बरा, मान बरा, नाही म्हणायचं कारण नव्हतं. दसऱ्याआधी हजर व्हायचं होतं.

मामांना हे सांगायला हवं होतं. दर रविवारी मी सांगायचं ठरवून जात असे आणि काठीच्या सांध्यांवर बोलून परत येत असे. शाळेत चाळीस पोरांना दरडावणारा मी, पण त्या एका माणसापुढे माझी जीभ उचलेना. खरं सांगतो, मी भ्यालो.

आणि त्याच सुमाराला मामांचं डोकं फिरलं, असं मला वाटू लागलं. एका रविवारी त्यांनी यादीतलं पान उलटून सांगितलं, "अकरा फूट नको. आठ फूट लिहा. एका हाताची."

"मामा, माझं मनगट आखडलं की काय?"

"लिहा तुम्ही. आणि दोरी दीडशे वार नको. चाळीस वार पुरे. पण जाड घ्या."

पुढच्या रविवारी चमचे बदलले. त्याच्या पुढच्या रविवारी रीळ लहान झाली. एकदा दिलेला निकाल मामांनी उभ्या जन्मात कुणासाठी फिरवला नव्हता. मी चिडलो. दोन महिने घासाघीस करून ठरवलेली काठी हा गृहस्थ एका वाक्यात मोडून टाकतो! मी बराच बडबडलोही. मामा ऐकून घेत राहिले आणि म्हणाले, "एक गोष्ट राहिली. मूठ कॉर्कची लिहा, घामानं सरकत नाही."

शेवटी जायच्या आदल्या दिवशीही मी तोंड उघडलंच नाही. पहाटे टांगा ठरवला, महूपर्यंत; तिथून इंदूरची आगगाडी. चोरासारखा निघणार होतो आणि देवासहून पत्र लिहिणार होतो. टांगा दारात आला तेव्हा मामा त्याच्या शेजारी उभे होते, हातात कापडात गुंडाळलेली काठी घेऊन.

"पार्सल परवाच आलं," ते म्हणाले. "कानाला लावून बघितली रीळ. चांगली आहे."

मी काठी हातात घेतली. ती अगदी बरोबर बसली.

"देवासच्या तळ्यात बाडस नाही," मामा म्हणाले. "मी चौकशी केली. मरळ आहे. काठावरच्या गवतात दबा धरून असते. तिला लांब काठी नको, लांब दोरी नको. जवळच टाकायचं, लागली की गवतात शिरू न देता उचलायचं. मरळ एकट्याला धरता येते. जाळीला माणूस लागत नाही."

तेव्हा कुठे मला ते आठ फूट आणि ते चाळीस वार कळले. इतकी लाज मला आयुष्यात दुसऱ्यांदा वाटलेली नाही.

"मामा, तुम्हाला कधी कळलं?"

"पोळ्याच्या आधी. तुमच्या शाळेचा शिपाई बोलला."

"मग मला बोलला का नाहीत?"

मामा घोड्याच्या मानेवरून हात फिरवत राहिले. "तुम्ही सांगाल म्हणून थांबलो. आणि बोललो असतो तर तुम्हाला वाईट वाटलं असतं. येणं बंद केलं असतंत तुम्ही. रविवार संपले असते."

टांगा निघाला. मामा शेजारून चालू लागले आणि चालता चालता सांगू लागले, दोरी आली तशी गुंडाळून ठेवायची नाही, सगळी उलगडायची, सावलीत वाळवायची, उन्हात रेशीम कुजतं. घोडा दुडक्या चालीला लागला तसे ते मागे पडत गेले. वेशीपुढच्या वळणावर त्यांनी हात वर करून काहीतरी ओरडून सांगितलं. मला ऐकू आलं नाही. मी टांगा थांबवला, उतरलो आणि मागे गेलो.

"काय म्हणालात, मामा?"

ते धापा टाकत होते. थोडा वेळ त्यांनी आठवल्यासारखं केलं. मग कसंनुसं हसले. "काही नाही," म्हणाले. "आज रविवार आहे ना."

टांगेवाल्याने हाक मारली, "मास्टरसाब, गाड़ी चूक जावगा!" मी त्याला घोडा टांग्यातून सोडायला सांगितलं.

"मामा," मी म्हटलं, "ते दोरी वाळवायचं मला नीट कळलं नाही. पहिल्यापासून सांगा."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर टेकले, धोतराचा सोगा सावरला आणि पहिल्यापासून सांगायला लागले.