टॅबला दोन कुलपं

म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या संस्थेची बाई दुपारी येणार होती, आणि सकाळीच टॅबवर लाल पाटी झळकली की तुमच्या उपकरणाला धोका आहे.

टॅब म्हणजे त्या घरात तीनवारचं तोंड. तीनवार हा घरधनी. उभा जन्म त्यानं बाजारात लिलाव पुकारला. "एक वार, दोन वार, तीन वार!" म्हणून डाव्या हाताचं बोट फळीवर ठोकलं की माल गेला, मग बोली लावणाऱ्यानं डोकं आपटून घेतलं तरी उपयोग नाही. त्यावरून सगळा बाजार त्याला तीनवार म्हणायचा. अर्धांगवायूनं त्याची वाचा नेली, उजवं अंग नेलं, वाचता येणारी अक्षरंसुद्धा नेली. मान हलायची, पण तिचा भरवसा नव्हता. पाणी हवं का विचारा, हो. विष हवं का विचारा, तरी हो. शाबूत राहिलं ते डाव्या हाताचं बोट आणि डोक्यातली अक्कल.

लेकीनं टॅबवर चित्रं घालून दिली होती. चित्राला बोट लावलं की टॅब बोले, आणि बोले ते तीनवारच्या बायकोच्या आवाजात, कारण शब्द भरून द्यायला दुसरं होतं कोण? तिनं ते भरलेही आपल्या तोऱ्यात. पेल्याच्या चित्राला बोट लावलं की, "पाणी आणा, बसलात काय?" खिडकीच्या चित्राला, "उघडा ती, जीव घुसमटतोय माणसाचा." जन्मभर जिच्यापुढे त्यानं ब्र काढला नाही, तिला आता तो तिच्याच आवाजात झापायचा. "माझीच जीभ मला चावते," म्हणत ती उठायची, पण उठायची. आणि घराच्या चित्रात तिनं भरलं होतं, "मी इथंच राहणार. मला हलवायचं कोणी नाव काढायचं नाही."

नाव काढलं थोरल्या मुलानं. काढणारच. आईची कंबर गेली होती. नवऱ्याला आंघोळ घालताना परवा तिचाच पाय घसरला आणि शेजारीण येईपर्यंत दोघं मोरीत ओल्या फरशीवर पडून होती. बापाला संस्थेत ठेवावं आणि आईला आपल्याकडे न्यावं, हे थोरल्यानं ठरवून टाकलं. संस्थेत खाट रिकामी झाली होती. एकच अडचण होती: माणसानं आपल्या तोंडानं होकार किंवा नकार द्यायला हवा, असा त्यांचा नियम. देता आला नाही, तर थोरल्या मुलानं सही करायची.

"टॅब म्हणेल नाही," आई म्हणाली.

"टॅब म्हणेल, आई. बाबा नव्हे. ते वाक्य तू भरलंयस."

हे तिला लागलं. कोणाचंही बोलणं तिला लागत नसे, लावण्याचं काम तिचं. पण हे लागलं, कारण रात्री कूस बदलताना हेच तिच्याही मनात यायचं. ह्यांना खरंच इथं राहायचंय, की मी म्हणते म्हणून?

अशात ती लाल पाटी. जावयाचं फोनदुरुस्तीचं दुकान होतं. तो मदतीला आलेलाच होता.

"काही नाही हो आई, जाहिरात आहे. बंद करा. फोनला, टॅबला अँटिव्हायरस लागतोच असं नाही. आत प्रत्येक ॲप आपापल्या खोलीत कोंडलेलं असतं. भलतीकडून काही उतरवून घेऊ नये, अपडेट वेळेवर करावं, झालं."

"झालं काय?" थोरला कचेरीत कॉम्प्युटरवर बसायचा, त्यामुळे त्याला सगळं कळायचं. "आमच्याकडे एकाच्या फोनमुळे अख्खी कचेरी दोन दिवस बसली होती. अँटिव्हायरस पाहिजेच. तुमचं दुकान चालतं बिघडलेल्या फोनांवर, तुम्ही कशाला सांगाल?"

"दादा, मी बिघडवत नाही, दुरुस्त करतो."

"बिघडल्याशिवाय दुरुस्त काय करता?"

खाटेवरचा तीनवार एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. त्यानं पेल्याला बोट लावलं. "पाणी आणा, बसलात काय?" कोणी आणलं नाही. कुलपाची चर्चा रंगली की घरातल्या माणसाकडे कोण बघतो?

शेवटी न्याय आईनं केला. त्या घराला पुढच्या दाराला दोन कुलपं, कपाटाला दोन, पिठाच्या डब्यालासुद्धा एक. एक कुलूप म्हणजे चोराला आवतण, असं तिचं मत. "दाराला कुलूप लावलं म्हणून दार रुसतं का? लाव रे." थोरल्यानं आपल्या पसंतीचा अँटिव्हायरस घातला आणि विजयी मुद्रेनं चहा प्यायला गेला. जावई तोंड पाडून मागोमाग गेला. खोलीत नवरा-बायको उरली, आणि ती लाल पाटी पुन्हा आली. तिच्याखाली हिरवं बटण होतं: मोफत संरक्षण. म्हणजे दुसरं कुलूप, तेही फुकट. तिनं दाबलं.

मग एका चुलीपाशी दोन जावांचं होतं तेच झालं. पहिल्यानं दुसऱ्याला चोर ठरवलं, दुसऱ्यानं पहिल्याला. दोघं तणतणत टॅबभर फिरले, टॅब तव्यासारखा तापला आणि दुसरा एकदम साखरेच्या बायकी आवाजात बोलला, "धोका आढळला."

"ही कोण बया?" तिनं नवऱ्याकडे संशयानं पाहिलं.

बयेच्या पाटीवर पुढे लिहिलं होतं, इथे एक लबाड ॲप आहे. कुठे बोट लागतं ते बघतं आणि आपोआप बोलतं. काढून टाकायचं? तीनवारची बायको जेमतेम अक्षर ओळखणारी. 'धोका' एवढं तिनं लावून वाचलं आणि तिला ते पुरलं. घरात धोका नको. तिनं 'हो' दाबलं. तीनवारचं बोट हवेत उठलं, घशातून घरघर आली, पण तोवर पेला, खिडकी, घर सगळं पुसलं गेलं होतं. राहिली एक लाल ढाल. तिला बोट लावलं की बया म्हणे, "धोका आढळला."

जावयानं धावत येऊन दुपारपर्यंत टॅब उलटापालटा केला. "चित्रं परत घालता येतील, आई. पण तुमचा आवाज गेला. शब्द सगळे नव्यानं भरावे लागतील."

"मग भरते. लावा."

तेवढ्यात दार वाजलं. संस्थेची बाई वेळेची पक्की निघाली.

बाई वाईट नव्हती. खुर्ची ओढून तीनवारच्या डोळ्यांसमोर बसली. "आजोबा, आमच्याकडे यायचं का राहायला?"

तीनवारनं मान हलवली. हो.

"मान धरू नका, बाई," आई कळवळून म्हणाली. "ह्यांची मान खोटं बोलते!"

"बरं. आजोबा, घरीच राहायचं का?"

मान हलली. हो.

बाईनं सुस्कारा सोडला. "टॅबवर बोलतात असं कळवलं होतं."

"आज सकाळपर्यंत बोलत होते," थोरला म्हणाला. त्याचा आवाज मवाळ होता, आणि तेच जास्त वाईट होतं. "जाऊ दे आता, आई. मी करतो सही." त्यानं खिशातून पेन काढलं.

तिला बोलायचं होतं. नवऱ्याची जीभ तिनं स्वतःच्या हातानं छाटली होती. आता कोणत्या तोंडानं त्याच्या वतीनं बोलणार?

तीनवारचं बोट उठलं. ते सावकाश थोरल्याच्या हातातल्या पेनाकडे वळलं, तिथे थांबलं, मग ढालीवर पडलं.

"धोका आढळला," बया म्हणाली.

थोरल्याचा हात थबकला. बोट पुन्हा उठलं, पुन्हा पेनाकडे, पुन्हा ढालीवर. "धोका आढळला." जावयानं तोंडाला रुमाल लावला. बोट तिसऱ्यांदा उठलं. "धोका आढळला." आणि मग ते खाटेच्या लाकडावर आपटलं. टक्क.

"काय म्हणाले?" बाईनं विचारलं.

"तीन वार झाले," आई म्हणाली. "बोली बंद. आता कोणी काही करू शकत नाही."

बाईनं कागदावर 'नकार' लिहिलं. थोरल्यानं पेन खिशात ठेवलं आणि बापाच्या पायावरचं पांघरूण उगाच सारखं केलं. "उद्यापासून आंघोळ मी घालीन," तो कोणाकडेही न बघता म्हणाला.

बाकीचे बाहेरच्या खोलीत गेले तसा जावई टॅब घेऊन बसला. "दोन्ही अँटिव्हायरस काढतो, आई. सांगितलं ना, गरज नसते."

"पहिला काढा. त्या बयेला हात लावाल तर खबरदार."

"अहो, पण ते खोटं आहे! काहीही धोका म्हणतं."

"तुम्ही चित्रं घाला, मी शब्द भरते. ती राहील तिथं कोपऱ्यात. माझ्या आवाजात हे माझंच बोलतात. तिच्या आवाजात स्वतःचं बोलले."

संध्याकाळी ती कडू औषधाचा चमचा भरून खाटेशी आली. तीनवारनं चमच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि बोट ढालीवर टेकवलं.