दोनशे दहा पौंडांचा माणूस

त्या उन्हाळ्यात ऑर्व्हल स्टॉलनेकर सलग तिसऱ्या शनिवारी एकाच खळाळात उलटला. होडी एकीकडे, वल्हं दुसरीकडे आणि तो तिसरीकडे, असा तो काठाला लागला. बुटांतलं पाणी ओतता ओतता त्याने निर्वाळा दिला की दोष होडीचा आहे.

"आत चिठ्ठी चिकटवलीय, एकशे चाळीस ते दोनशे दहा पौंड," तो डेल्बर्टला म्हणाला. "मी दोनशे दहा. मग शेपूट पाण्याखाली का जातं?"

डेल्बर्टचं पुलाजवळ होड्यांचं दुकान होतं. क्लबची वहीही त्याच्याकडेच असे. नदीवर जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि वजन तीत लिहिलेलं असे, म्हणजे कोण बुडतोय आणि त्याला ओढायला किती जण लागतील, हे आधी कळावं. ऑर्व्हलच्या नावापुढे पंधरा वर्षं २१० हाच आकडा होता. आमच्या खोऱ्यात माणसं एकमेकांना वय विचारतात, पगार विचारतात, पण एकदा वहीत चढलेलं वजन पुन्हा विचारायची रीत नव्हती.

डेल्बर्टने सरळ हिशेब केला. ऑर्व्हल खोटं बोलणारा माणूस नाही; चर्चमध्ये दानाची थाळी तोच फिरवतो. वहीत दोनशे दहा आहे. दोनशे दहाचा माणूस मधल्या मापाच्या होडीत बुडतोय, म्हणजे कारखान्याचे आकडेच चुकलेत. त्याने पुठ्ठ्यावर लिहून दारात लावलं: चिठ्ठीवर जाऊ नका, एक माप मोठी घ्या.

लोकांनी घेतली. लहान होडीवाले मधलीत आले, मधलीवाले मोठीत. जुलैअखेर नदीवर पाहण्यासारखं दृश्य होतं. सडपातळ माणसं जहाजाएवढ्या होड्यांत बसून वाऱ्याबरोबर भलत्याच काठाला लागत होती. प्रत्येकाला वाटत होतं की आपलंच वल्हं कमी पडतंय. होडीत सैल बसतं म्हणून त्यांनी कमरेशी फोमचे तुकडे गोंदाने चिकटवले. ऑर्व्हल मात्र आपल्या जुन्याच होडीत बुडत राहिला, कारण मोठीही बुडाली असती तर खरं कारण सांगावं लागलं असतं.

ऑगस्टच्या शेवटी मुलीचा, ट्रीनाचा, ओरेगॉनहून फोन आला. आई गेल्यापासून चार वर्षं ती नदीवर उतरली नव्हती. सप्टेंबरात धरणाचे दरवाजे उघडतात त्या पहिल्या शनिवारी ती येणार होती. येईन ती तुमच्या बरोबरीने होडीत बसायला, ती म्हणाली. तुम्ही काठावर बसणार असाल तर मीही बसेन, आणि मग दोघं आईबद्दल काहीच न बोलता दिवस काढू, जसा प्रत्येक वेळी काढतो. ऑर्व्हलने फोन ठेवला आणि त्याच आठवड्यात गुडघा दाखवायला म्हणून डॉक्टरकडे गेला. डॉक्टरच्या काट्याला दानाच्या थाळीची भीड नव्हती. दोनशे अडुसष्ट.

शनिवारला चार दिवस उरले असताना तो डेल्बर्टच्या दुकानात शिरला आणि ओहायोहून एक चुलतभाऊ येतोय, त्याला मोठी होडी हवी, असं त्याने सांगितलं.

"किती वजनाचा?"

"दोनशे अडुसष्ट."

"बापरे," डेल्बर्ट म्हणाला. "अशा माणसाला नदीवर कशाला आणतोस? त्याला ओसरीवर बसव, खायला घाल."

डेल्बर्टने सांगितलं की मोठ्या पाच होड्या होत्या, पाचही गेल्या, तुझ्याच शब्दावर गेल्या. कारखाना आता वसंतातच पुढच्या पाठवेल. हां, इर्मा टेनीबाईंनी आपली विकायला काढलीय म्हणे. विचारून बघ.

इर्मा टेनीबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, सदुसष्ट वर्षांच्या, सहा फूट उंच आणि काठीसारख्या ताठ. पाचवीत त्यांनी ऑर्व्हलला अपूर्णांक शिकवले होते. आमची गॉली नदी त्या वीस वर्षं उतरत होत्या आणि त्यांच्या मागून गेलं की दगड कुठे आहे ते विचारावं लागत नसे. त्यांच्या अंगणात मोठी लाल होडी पडली होती, वर पाटी: विकणे आहे.

ऑर्व्हलने टोपी काढली आणि चुलतभावाची गोष्ट सांगितली. बाईंनी ऐकून घेतली. होडी चांगली आहे, त्या म्हणाल्या. चुलतभावाला सांग, तिच्यात काही खोट नाही. खोट माझ्यात आहे. डेल्बर्टचा पुठ्ठा वाचून याच उन्हाळ्यात घेतली, पण ती माझं ऐकतच नाही. उजवीकडे म्हटलं की विचार करून उजवीकडे जाते. दोनदा भोवऱ्यात अडकले, एकदा तर पोरांनी मला दोरीने ओढलं. वय झालं, ते एकदम एका उन्हाळ्यात होतं हे मला माहीत नव्हतं, इतकंच. वल्हं त्यांनी आदल्याच दिवशी पुतणीला देऊन टाकलं होतं.

खरं तर ऑर्व्हलचं काम झालं होतं. होडी गाडीवर बांधायची आणि निघायचं. शनिवारी ट्रीना, नदी, सगळं जागच्या जागी. त्याने होडीची दोरी हातात घेतली आणि पुन्हा खाली ठेवली.

"बाई, ओहायोत माझा कुणी चुलतभाऊ नाही."

"ते मला माहीत आहे. तुझं सगळं गणगोत या दफनभूमीत नाहीतर त्या कोळशाच्या खाणीत आहे. पण मोठ्या माणसाला असं तोंडावर कसं म्हणायचं?"

"दोनशे अडुसष्ट मीच आहे."

मग सगळंच बाहेर आलं. वहीतला आकडा त्याच्या बायकोने, नेडीनने, लिहिला होता, क्लब सुरू झाला त्या दिवशी. तेव्हा तो खरा होता. ती गेल्यावर तो खोडायचा म्हणजे तिचं अक्षर खोडायचं. आधी तेवढंच कारण होतं. मग पुढे थोडी लाजही मिसळली. किती अक्षर आणि किती लाज, ते त्याला आता सांगता येत नव्हतं.

बाई होडीकडे पाहू लागल्या. ओठ हलत होते. त्या हिशेब करत होत्या.

"मी एकशे पासष्ट," त्या म्हणाल्या. "म्हणजे मला मधलीच बरोबर होती."

"हो, बाई."

"म्हणजे मी म्हातारी झालेली नाही."

"त्याचं मी काही सांगू शकत नाही," ऑर्व्हल म्हणाला. "पण होडी चुकीची आहे."

बाईंनी होडीची अदलाबदल कबूल केली, एका अटीवर. नदीवर आणखी लोक आपापलं वय मोजत बसले आहेत, त्यांनाही त्याने स्वतः सांगायचं.

गुरुवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये क्लबचं जेवण होतं. बीन्स आणि कॉर्नब्रेड वाढून झाल्यावर ऑर्व्हल उठला आणि त्याने सांगितलं. आता लोक चिडतील, म्हणून तो टेबल धरून उभा राहिला. पण झालं भलतंच. कुणी विश्वासच ठेवेना. ज्यांनी मोठ्या होड्या घेतल्या होत्या त्यांनी तर मुळीच नाही. उगाच स्वतःला कमी लेखू नकोस, एक म्हणाला. तुझं हाडच रुंद आहे, दुसऱ्याने धीर दिला. होड्या उत्तम आहेत, आम्हाला सवय होतेय. डेल्बर्ट तर दुखावला. पाच होड्या आणि एक पुठ्ठा त्याने या माणसाच्या आकड्यावर उभा केला होता.

इतकी वर्षं वजन लपवणारा ऑर्व्हल त्या रात्री घरोघर आपलं खरं वजन पटवत फिरला. शेवटी शुक्रवारी सकाळी सगळे चाऱ्याच्या दुकानात जमले. पोती तोलायच्या काट्यावर तो स्वतःहून चढला, टोपी काढून, बूट काढून, आणि कुणालाही डोळे वळवू दिले नाहीत. काटा दोनशे एकाहत्तरावर थांबला. ते तीन आदल्या रात्रीच्या कॉर्नब्रेडचे, असं बाईंनी समजावलं.

डेल्बर्टने काट्यावरचा आकडा पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाला, "ते ओसरीवर बसवण्याचं बोललो, ते तुझ्या चुलतभावाला बोललो हं."

"कळवतो त्याला," ऑर्व्हल म्हणाला.

दुपारभर बाईंच्या अंगणात तो लाल होडीत बसून राहिला आणि बाई पाव कापायच्या सुरीने कमरेचा फोम सोलत राहिल्या. श्वास सोड, त्या म्हणत. आता घे. आता खरा घे.

शनिवारी पाणी भरपूर होतं. इर्माबाई मधल्या होडीतून, पुतणीकडून परत आणलेलं वल्हं घेऊन, सगळ्यांच्या पुढे गेल्या, आणि दगड कुठे आहेत ते कुणाला विचारावं लागलं नाही. ऑर्व्हल ज्या खळाळात उन्हाळाभर उलटत आला होता तो त्याने चष्माही न भिजवता पार केला. उलटली ती ट्रीना. चार वर्षांत सवय मोडलेली. ती पाण्यातून वर आली आणि हाताला लागली ती वडिलांच्या होडीची शेपटी तिने धरली. हलक्या माणसाची होडी असती तर मागे ओढली जाऊन तीही आडवी झाली असती. लाल होडी जराशी खाली बसली आणि नावाड्याच्या तराफ्यासारखी सरळ काठाला गेली.

ट्रीना वाळूवर बसून खोकली, मग हसली, मग तिचे डोळे भरून आले. आई असती तर तुम्हालाच ओरडली असती, ती म्हणाली. नक्की, ऑर्व्हल म्हणाला, आणि तुला गरम मोजे दिले असते. नंतर बराच वेळ दोघं नेडीनबद्दल बोलत राहिले. बाकीचे होड्या बांधायला वेळ लावत होते.

उठताना ट्रीनाने होडीकडे आणि मग वडिलांकडे पाहिलं.

"जरासुद्धा डगमगली नाही. बाबा, तुमचं वजन आता किती आहे हो?"

होड्या बांधणारे हात जागच्या जागी थांबले. डेल्बर्ट आकाशाकडे बघू लागला.

"दोनशे एकाहत्तर," ऑर्व्हल म्हणाला. मग त्याने प्रामाणिकपणे भर घातली, "आज सकाळची बिस्किटं आणि ग्रेव्ही सोडून."