बेरीज नको, कर्ण काढ!

देवबागात दोन गाड्या धडकल्या, की सगळे "कोणाक लागला?" असं विचारत धावतात. आमचे शेजारी तात्या मास्तर "वजन किती? वेग किती?" असं विचारत धावतात.

मास्तरांनी जन्मभर हायस्कुलात विज्ञान शिकवलं आणि त्यातला एकच धडा त्यांच्या अंगात भिनला: काटकोनात येणाऱ्या दोन वस्तूंचा एकूण संवेग, म्हणजे वजन गुणिले वेग. त्यात गावही तसंच. पश्चिमेला दर्या, पूर्वेला खाडी, मधून एकच रस्ता उत्तर-दक्षिण. दर्यावर निघालेला माणूस रस्त्याला आडवाच येणार. मास्तरांना उदाहरणं कधी कमी पडली नाहीत.

मागे भिकाजी स्कूटरवरून बांगडे घेऊन चालला होता, तर समोर रेडा आडवा आला. धडकेनंतर रेडा निवांत उभा, भिकाजी स्कूटरखाली. मास्तर हजर.

"तू दक्षिणेक, रेडो पश्चिमेक. बांगडे बघ, दोघांच्या मधल्या दिशेक, नैऋत्येक पडले! तुझो संवेग तीन, रेड्याचो चार, एकूण किती?"

"सात!" भिकाजी कळवळला.

"बेरीज नको रे, कर्ण काढ! पाच!"

त्रिकोणाची तिरकी बाजू ती कर्ण, हे भिकाजी शाळेतच विसरला होता. तो दशावतारात काम करतो. "मास्तरानू, कर्ण जत्रेक काढतंय, आधी माझो पाय काढा!"

त्यानंतर तिथे गतिरोधक घालायचं ठरलं. मास्तर खूश होतील असं वाटलं होतं. पण खडी येऊन पडली त्या सकाळी ते घडीची आरामखुर्ची घेऊन भर रस्त्यात बसले. तोंड नैऋत्येला. घरीही ती खुर्ची कायम तशीच असते. मी समजत होतो, वाऱ्यासाठी.

"हय गतिरोधक होवचो नाय!"

दोन्हीकडे गाड्यांची रांग लागली. हॉर्न वाजू लागले. मास्तर शांत. "थांबलेल्या गाडयेचो संवेग शून्य. वाजवा कितीय."

त्या रांगेत माझ्या होमस्टेचे पाहुणे अडकलेले. माझं डोकं फिरलं. "मास्तरानू, उद्या कोणतरी मरात हय!"

मास्तर हळूच म्हणाले, "हयच ती माका आडवी इली."

ती म्हणजे नलूकाकी, त्यांची बायको. गेल्या वर्षी वारली.

"आमची पयली भेट ती. मी सायकलीर दक्षिणेक, ती नारळांची पाटी घेवन पश्चिमेक. मी हलको, पण वेगात. ती सावकाश, पण पाटी जड. दोघांय नैऋत्येक, त्या माडाखाली पडलांव. उठल्यार माकाच गाळी घातल्यान." मास्तर माडाकडे बघत राहिले. "हय गतिरोधक असतो, तर मी ब्रेक लावलो असतो. ती फुडे गेली असती रे."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी विचारलं, "काकी आता हय असती तर?"

मास्तरांनी हुबेहूब काकीचा आवाज काढला. "खुर्ची उचला, आणि लोकांक जावंद्या!"

आणि स्वतःच उठले. खुर्ची मिटून काखेत घेतली. गाड्या हलल्या. मी म्हटलं, "मास्तरानू, सांभाळून. सरळ घराक जावा."

"सरळच जातंय रे," मास्तर म्हणाले. "आता आडवी येवक कोण आसा?"