एक चाळीसला शुद्धीवर

सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका डाइंग मिलमधले सेफ्टी सुपरवायझर भूपेंद्र चिंधा बोरसे यांच्या डोळ्यांखालच्या पिशव्या हा फेब्रुवारीपर्यंत त्यांचा खासगी प्रश्न होता. पुढच्या महिन्यातल्या सुरक्षा सप्ताहासाठी पोस्टरवर त्यांचाच फोटो छापायचं ठरलं आणि प्रश्न सार्वजनिक झाला. फोटोचा नमुना पाहून शेठ म्हणाले, "बोरसेभाऊ, नीचे लिखा है 'मैं जाग रहा हूँ', और ऊपर आप सोये हुए लग रहे हो."

भूपेंद्रभाऊंना हे लागलं. अकरा वर्षांत मिलमध्ये एकही अपघात त्यांच्या कागदावर झालेला नव्हता. अशा माणसाने झोपाळू दिसावं? जागं दिसण्यासाठी भूल घेऊन तासभर झोपायचं त्यांनी ठरवलं, आणि रिंगरोडजवळ एका साडीच्या दुकानाच्या वर असलेल्या कॉस्मेटिक क्लिनिकमध्ये पिशव्या काढून घ्यायला शनिवारची अकराची वेळ घेतली. काउंटरवरच्या गायत्रीने बजावून सांगितलं होतं की आठ तास आधीपासून पोटात अन्नाचा कणही नको.

शनिवारी नेमकी चतुर्थी निघाली. उधन्याच्या घरात साडेआठ वाजता त्यांच्या खानदेशी आई, केशरबाई, वाटी घेऊन उभ्या राहिल्या. "उपाशी पोटे घरबाहेर कसा जाशी? वाटीभर साबुदाना खाई ले."

"माय, डॉक्टरने काहीच खाऊ नका सांगितलंय."

"उपासनं खानं ते काय जेवन से का?"

या युक्तिवादापुढे खानदेशात आजवर कोणी टिकलेलं नाही. शिवाय भूपेंद्रभाऊ नियमांच्या धंद्यातले. नियमाचा शब्द सोडून आशय धरायचा, हे त्यांना पगारासाठी रोजच करावं लागे. आशय उपवासाचा होता आणि उपवास तर चालूच होता. त्यांनी दोन वाट्या खाल्ल्या, भरपूर दाण्याचं कूट घालून, वर दही.

क्लिनिकमध्ये गायत्रीने त्यांच्यापुढे चार पानी सुरक्षा-पत्रक ठेवलं. बेचाळीस बाबी होत्या आणि बेचाळीसही बाबींपुढे निळ्या पेनाने खूण झालेली होती. पोट रिकामं: होय. ऑक्सिजन: होय. मॉनिटर चालू: होय. भूपेंद्रभाऊंनी कौतुकाने पानं उलटली. सगळ्या खुणा एकाच हाताच्या, एकाच दमात मारलेल्या. म्हणजे आपल्याच घराण्याचं काम! शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'रुग्ण पूर्ण शुद्धीवर आला: होय. वेळ: एक चाळीस. रुग्ण समाधानी: होय.'

भिंतीवर पावणेअकरा वाजले होते.

भूपेंद्रभाऊ हसले आणि हसता हसता थांबले. मिलमधल्या बॉयलरशेजारचा आग विझवायचा सिलिंडर त्यांना आठवला. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते खुर्चीवरून न उठता त्याच्यापुढे 'चालू' अशी खूण करत. तो खरोखर चालू आहे का हे त्यांना ठाऊक नव्हतं. खुणेची किंमत मात्र या अख्ख्या इमारतीत त्यांच्याइतकी कोणालाच ठाऊक नव्हती.

"बेन, ऑक्सिजन आहे ना खरंच?" त्यांनी विचारलं.

"काका, टिक छे ने!" गायत्री पत्रकातल्या खुणेवर बोट ठेवत म्हणाली.

हे वाक्यही त्यांचंच होतं. बॉयलरवरच्या कामगारांना ते नेमकं हेच सांगत आले होते.

आत मॉनिटर होता. उद्घाटनाचं कुंकू अजून त्याच्या प्लास्टिकच्या वेष्टनावर होतं. सर्जनसाहेब हातमोजे चढवत म्हणाले, "हलकीशी झोप आहे, अंकल. मशीनची गरजच पडत नाही." भूपेंद्रभाऊंना उठून पळावं असं फार वाटलं, पण पत्रकावर त्यांची संमतीची सही झाली होती आणि सही केलेल्या कागदाचा अपमान त्यांनी जन्मात केला नव्हता. ते टेबलावर आडवे झाले आणि मनात केशरबाईंना नमस्कार केला.

तेवढ्यात भूल देणाऱ्या डॉक्टर वृषाली आल्या. त्यांनी आधी मॉनिटरचं प्लास्टिक टराटरा फाडलं. मग ऑक्सिजनचा नळ फिरवून काटा पाहिला आणि बाहेरून दुसरा सिलिंडर मागवला. "हलकी झोप जड कधी होते ते आधी कळत नाही, सर," त्या सर्जनसाहेबांना म्हणाल्या. मग भूपेंद्रभाऊंकडे वळल्या. "काका, सकाळी काय खाल्लंत?"

"काही नाही, ताई. लिहिलंय की पत्रकात."

"पत्रकात लिहिलंय. पण तुमच्या मिशीत साबुदाणा आहे."

"ते उपासाचं आहे," भूपेंद्रभाऊ क्षीणपणे म्हणाले.

"भुलीत घसा झोपतो, काका. पोटातलं वर आलं की सरळ छातीत उतरतं. फुप्फुसाला चतुर्थी कळत नाही. आज मी भूल देणार नाही."

भूपेंद्रभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. अकरा वर्षं ते ज्या खात्याचा पगार घेत होते, ते खातं प्रत्यक्षात कसं दिसतं हे त्यांनी आज पहिल्यांदाच पाहिलं होतं.

बाहेर गायत्री मात्र रडवेली झाली. "काका, रजिस्टरमां तो तमे एक चाळीसला शुद्धीवर येता! अब मैं क्या करूँ?"

पानावर खाडाखोड म्हणजे काय हे भूपेंद्रभाऊ जाणत होते. त्यांचा जीव कळवळला. ते बाकावर डोळे मिटून बसले, एक चाळीसला उघडले, 'समाधानी'खाली सही केली आणि घरी गेले. त्या दिवशी क्लिनिकमध्ये शंभर टक्के खरी ठरलेली ती एकच नोंद.

सोमवारी पहिली तारीख होती. भूपेंद्रभाऊ खुर्चीवरून उठले आणि थेट बॉयलरपाशी गेले. दोन कामगार घाबरून उभे राहिले, कारण साहेब तिथे कधी येत नसत. त्यांनी सिलिंडर उचलला. तो एका हाताने सहज उचलला गेला, इतका रिकामा होता.

ते सिलिंडर तसाच ठेवून परत आले आणि त्यांनी मिलचं तपासणी-पत्रक पुढे ओढलं. तिथे 'चालू'पुढे फक्त 'होय'चा रकाना होता. 'नाही'साठी वेगळा अर्ज शेठकडे न्यावा लागे, आणि मग शेठ विचारणार की मागच्या महिन्यापर्यंत चालू होता तो अचानक रिकामा कसा झाला? भूपेंद्रभाऊंना स्वतःची अतिशय लाज वाटली. लाज वाटत असतानाच त्यांनी खूण केली.

पोस्टर वेळेवर लागलं. डोळ्यांखालच्या पिशव्या शेठच्या मुलाने कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत पुसल्या, विनाभूल.

तुम्हाला हसू आलं असेल, तर एक करा. तुमच्या इमारतीच्या जिन्यात एक लाल सिलिंडर टांगलेला असेल. तो एकदा हातात घेऊन बघा. त्याच्यावरची 'तपासले' ही चिठ्ठी वाचून परत फिरू नका; ती चिठ्ठी भूपेंद्रभाऊच भरतात, आणि रोज तिच्यावरून नजर फिरवून निश्चिंत वर चढणारे तुम्ही असता.