टिटवीकाकूंची अंडी आणि टेकडीवरची गोफण

एका जंगलात, मुलांनो, राजा नव्हता, पण समिती होती. त्यामुळे राजाची उणीव कुणाला भासत नसे. राजा बिचारा एकटा काय काय चुकणार? समितीत नऊ जण होते.

त्या जंगलाच्या कडेला एक ओढा होता. ओढ्याच्या अलीकडे गोट्यांचं उघडं माळरान होतं. तिथं टिटवीकाकू राहत होत्या. टिटव्या घरटं बांधत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर आता झालं. त्या चार गोटे बाजूला सारतात, जरा खळगा करतात आणि उघड्यावरच अंडी घालतात.

टिटवीकाकूंनी चार अंडी घातली होती. ठिपक्याठिपक्यांची, अगदी गोट्यांसारखी. पिल्लं बाहेर यायला अठ्ठावीस दिवस लागतात आणि तोवर अंडी जागची हलवता येत नाहीत. टिटवीच्या चोचीत अंडं मावत नाही, त्याला काकू तरी काय करणार?

ओढ्याच्या पलीकडे एक टेकडी होती. तिथं हुपाजीराव नावाचा वानर राज्य करी. राज्य म्हणजे दोन वड आणि सात वानरं. त्यांना जंगलात कुणी हिंग लावून विचारत नसे. वाढदिवसाचं बोलावणं नाही, सभेचं तर नाहीच नाही.

एके दिवशी हुपाजीरावांनी पारंब्या वळल्या आणि दोन वडांच्या मधे ही एवढी मोठी गोफण ताणली. तीत एक टणक कवठ ठेवलं. सात वानरांनी "हुप्प!" करून गोफण मागं ओढली आणि सोडली.

कवठ सूं सूं करत ओढा ओलांडून आलं आणि काकूंपासून वीस पावलांवर फाडदिशी फुटलं.

"अगं बाई गं!" काकू किंचाळल्या. अंड्यांवरून मात्र उठल्या नाहीत. आई होत्या ना!

समितीची बैठक बसली. हत्तीअण्णा सभापती होते आणि कोल्हेसाहेब चिटणीस. पडलं ते कवठच होतं का, यावर दुपारपर्यंत चर्चा झाली. शेवटी 'एक गोल वस्तू' असं लिहायचं ठरलं. कवठ म्हटलं तर कवठाच्या झाडाला वाईट वाटलं असतं.

मग खलिता लिहिला. पहिलीच वेळ म्हणून त्यात 'चिंता' व्यक्त केली.

आता या जंगलाची एक जुनी रीत होती. कुणाला कडू बोलायचं तर आधी त्याचं तोंड गोड करायचं. उपाशी माणसाला, म्हणजे उपाशी वानराला, निषेध ऐकवणं हा असंस्कृतपणा समजला जाई. म्हणून कोल्हेसाहेब पाडाच्या आंब्यांची टोपली घेऊन टेकडीवर गेले. हुपाजीरावांनी आंबे चोखत चोखत चिंता ऐकून घेतली. कोयसुद्धा सोडली नाही.

आठ दिवसांनी आंबे संपले. नवव्या दिवशी दुसरं कवठ आलं. बारा पावलांवर.

समितीनं 'गंभीर चिंता' व्यक्त केली. चिंता वाढली म्हणून टोपलीही वाढवली.

सतराव्या दिवशी तिसरं कवठ आलं. पाच पावलांवर! त्याचा गर काकूंच्या पंखांवर उडाला. काका शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "अहो, जरा सरकून बसा."

"अंडी सरकतात का तुमची?" काकू कडाडल्या. काका स्वतःच जरा सरकले. काकांना एवढं जमत असे.

काकू काकांना अंड्यांवर बसवून तरातरा समितीपुढे गेल्या. तिथं 'तीव्र निषेध' लिहिणं चालू होतं आणि तीन टोपल्या भरून तयार होत्या.

"अण्णा, मला अक्षर वाचता येत नाही," काकू म्हणाल्या, "पण मोजता येतं. आंबे संपले की कवठ येतं. टोपली बंद करा, कवठ बंद होईल."

सभा हादरली. एवढी तर कवठानंसुद्धा हादरली नव्हती.

"काकू!" हत्तीअण्णा म्हणाले. "टोपली बंद केली तर ते आपला निषेध ऐकून घेतील का?"

"आणि त्यांनी निषेध ऐकलाच नाही," कोल्हेसाहेब म्हणाले, "तर आपण काही केलं असं म्हणता येईल का?"

काकूंनी कपाळावर पंख मारून घेतला. पुढचं कवठ कुठं पडणार, हे त्यांना दिसत होतं. त्या तिथूनच भर्रकन उडाल्या, त्या थेट टेकडीवर.

हुपाजीराव वडाखाली रिकामी टोपली डोक्यावर घालून बसले होते. टिटवीला पाहून ते गडबडले. इतक्या वर्षांत न बोलावता कुणी त्यांच्याकडे आलं नव्हतं.

"या, काकू. बसा. पाणी देऊ?"

"पाणी राहू दे. माझ्या अंड्यांनी तुमचं काय घोडं मारलंय हो?"

हुपाजीरावांचा चेहरा पडला. "कसली अंडी? मला इथून गोटेच दिसतात. तुमच्या गळ्याची शपथ! आम्ही नुसती गोफण ओढतो. पडलं की सगळं जंगल माना वर करतं आणि 'हुपाजीराव, हुपाजीराव' करतं. बरं वाटतं हो!"

काकूंना रागही आला आणि थोडी कीवही आली.

"टोपली कवठ लांब पडलं म्हणून येते, की पडलं म्हणून येते?" त्यांनी विचारलं.

हुपाजीरावांनी डोकं खाजवलं. "पडलं म्हणून."

"मग जीव काढून एवढं ओढता कशाला? मागच्या दरीत टाका हळूच. बोंब मी मारते."

हुपाजीराव टोपली फेकून नाचायलाच लागले. सात वानरांचे खांदे तसेही दुखत होते.

आणि मुलांनो, टिटवीनं बोंब मारायची म्हणजे काय ते सांगायला नको. आता ओढायचे कष्ट नव्हते, म्हणून दर तीन दिवसांनी हुपाजीराव मागच्या दरीत एक कवठ सोडत आणि काकू आभाळभर ओरडत फिरत, "आलं! गेलं! आलं! गेलं!"

"कुठं पडलं?" कोल्हेसाहेब धावत येऊन विचारत.

"डोहात बुडालं!"

"आम्हाला कसं नाही दिसलं?"

"अहो, केवढ्या वेगानं गेलं ते!"

निषेध जाई, टोपली जाई, अंडी सुखरूप राहत. सगळं कसं छान चाललं होतं. पण आपलं सुख कुणाच्या डोळ्यांवर येईल, काही सांगता येत नाही. समितीला घाम फुटला होता.

"दिसणारं कवठ परवडलं," हत्तीअण्णा म्हणाले. "हे तर दिसतच नाही! आपल्याकडे त्याहून मोठी गोफण हवी."

"शांततेची गोफण," कोल्हेसाहेबांनी दुरुस्ती केली आणि तसं लिहून घेतलं.

हत्तीअण्णांनी स्वतः दोन वड वाकवले. कवठाऐवजी फणस घेतला. शांतता मोठी होती ना! चाचणीसाठी मोकळी जागा शोधायला नकाशा काढला. ओढ्याकाठच्या माळावर नकाशात एकही घरटं नव्हतं. टिटव्या घरटं बांधतच नाहीत, तर नकाशात येणार कुठून?

काकूंना बातमी कळली तो नेमका अठ्ठाविसावा दिवस होता. काकू धापा टाकत समितीपुढे आल्या.

"अण्णा, तिथं माझी अंडी आहेत! आत पोरं टकटक करतायत. दोन घटका थांबा!"

"घाबरू नका, काकू," कोल्हेसाहेब प्रेमानं म्हणाले. "तो फणस आपला आहे."

"आपला असला तरी लागेल ना?"

"लागला तरी आपलाच."

काकू उलट्या पंखी परत फिरल्या. तीन पिल्लं बाहेर आली होती आणि चौथं कवचात अडकून पाय झाडत होतं. मागं गोफण करकरत होती. काकांनी मुकाट्यानं चोच घातली आणि कवच फोडलं. लग्नानंतर पहिल्यांदाच काकूंना काकांचा अभिमान वाटला. टिटवीची पिल्लं जन्मली की लगेच पळतात. चारही पिल्लं काडीसारख्या पायांनी लुटुलुटु पळत सुटली. पुढं काका आणि मागं काकू.

धप्प!

फणस बरोब्बर खळग्यात पडला. कवचांचा चुरा झाला. "अचूक! अचूक!" म्हणून जंगलानं टाळ्या पिटल्या. काकूंनी चार पिल्लं पुन्हा पुन्हा मोजली आणि मग त्या ढसाढसा रडल्या.

डोळे पुसून त्यांनी पिल्लांना ओढ्यात उतरवलं. वैशाखात डोह सोडला तर ओढ्याला पाणी कसलं, नुसती ओल. पिल्लं पलीकडे चढली आणि टेकडीची वाट चालू लागली.

वर हुपाजीराव वडाला मिठी मारून थरथरत होते. "काकू, काकू, पाहिलंत का? तुमच्या लोकांनी फणस मारला! आता मी काय करू? निषेध कसा लिहितात हो?"

काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. गोफणीच्या अगदी खाली चांगले गोल गोल गोटे होते. जागा कोरडी होती.

"ते मागून सांगते," त्या म्हणाल्या. "आधी जरा सरका. पोरांना सावली हवीय."

हुपाजीराव सरकले.

तात्पर्य : शेजाऱ्यानं गोफण ताणली की निषेध कडक लिहावा, टोपली भरून पाठवावी आणि आपलीही गोफण त्याच्याहून मोठी करावी. मुलंबाळं असतील तर मात्र त्यांना घेऊन शत्रूच्या गोफणीखाली राहायला जावं. कवठ जिथून सुटतं तिथं पडत नाही, आणि आपल्या लोकांचा नेम अजून तेवढा लांब गेलेला नाही.